राजमतीच्या आवाजाचा बॅकअप

आवाज_नवीन

कॉम्प्युटरच्या पोटात टिकटिक सुरू झाली. श्रेणिक मगदूमने कॅबिनेटचं झाकण काढलं, लांब पेचकसाचं टोक डिस्कच्या पत्र्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. स्टुडिओ टाकण्याआधी तो इचलकरंजीतल्या यंत्रमागांवर जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. बेअरिंग गेलंय का हे तो असंच ऐकायचा. त्याच्या बायकोने, राजमतीने, उठून पंखा बंद केला. तो नेहमीप्रमाणे विसरला होता.

"डिस्क चालली," तो म्हणाला.

राजमतीने स्टीलच्या वाटीवर चमचा दोनदा आपटला. एक टोला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"नाही काय? मी ऐकतोय की."

तिने चमचा वाटीच्या कडेवरून गोल फिरवला. हा तिसरा आवाज. त्याचा अर्थ, तुम्हाला काय कळतंय.

मागच्या दिवाळीत राजमतीच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही गेलं. ज्या गळ्याने या स्टुडिओत तीस-एक वर्षं भजनं गायली, पाळणे गायले, निवडणुकीची आणि साबणाची गाणी गायली, त्याला आता एक भोक होतं आणि त्यातून नुसता श्वास यायचा. टाइप केलेलं वाचून दाखवणारा फोन होता, पण त्यातल्या आवाजाला श्रेणिक बातम्यांची बाई म्हणायचा. ती बाई "आमटीत मीठ कमी आहे" म्हणाली की पुढे हवामान सांगेल असं वाटायचं. राजमतीने दोन दिवसांत फोन ठेवला आणि वाटी उचलली.

मिरजेच्या डॉ. तांबोळी तिला कंठपट्टी बसवणार होत्या. स्वरयंत्र काढलं तरी मेंदू आपलं काम सोडत नाही. माणसाने बोलायचं मनात आणलं की मानेच्या नसांना हुकूम जातोच, फक्त तो पाळणारं तिथे कुणी उरलेलं नसतं. पट्टी हे हुकूम कातडीवरून टिपते आणि तेच शब्द त्याच क्षणी छोट्या स्पीकरमधून बाहेर काढते. आवाज कुणाचा, तर तिला जो शिकवला असेल त्याचा. मात्र न पाळलेले हुकूम नसा कायम देत बसत नाहीत. साधारण वर्षभरात त्यांची सवय मोडते. दिवाळी तोंडावर आली होती.

"मूळ रेकॉर्डिंग आणा," डॉ. तांबोळी म्हणाल्या होत्या. "तबला-पेटी मिसळलेलं नको, एकटा आवाज हवा. आणि गाणं कमी, बोलणं जास्त. बाई काही भाजीवालीशी गाऊन घासाघीस करणार नाहीत. शिवाय कोणतं बोलणं कोणत्या सालचं, हेही पाहिजे."

"साल कशाला?"

"आवाज म्हातारा होतो, मगदूमकाका. तिशीतला, चाळिशीतला, पन्नाशीतला आवाज क्रमाने मिळाला तर तो कसा उतरत आला हे पट्टीला कळतं, मग ती आजचा आवाज काढते. साल नसेल तर सगळ्याची खिचडी होते. अशा आवाजाला वयच नसतं. नातेवाईक ऐकतात आणि पुन्हा भेटायला येत नाहीत."

घरातले व्हिडिओ उपयोगाचे नव्हते. फोन आवाज आपणहून घासूनपुसून गुळगुळीत करून ठेवतो. खरा आवाज होता तो या कॉम्प्युटरात. बाहेरचं काही शिरू नये म्हणून त्याला इंटरनेटही जोडलेलं नव्हतं.

आणि त्याची डिस्क टिकटिकत होती.

आवाज_नवीन_दुरुस्त

"बॅकअप आहे," श्रेणिक म्हणाला. तो अजिबात घाबरलेला नव्हता.

मागाला जसं अमावास्येला तेल, हळदकुंकू आणि नारळ, तसं त्याने कॉम्प्युटरलाही लावलं होतं. दर अमावास्येला कॅबिनेट पुसायचं, कुंकवाचं बोट लावायचं, नारळ फोडायचा आणि त्या दिवसापर्यंतचं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. एकही अमावास्या चुकली नव्हती. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही तो हळदीच्या अंगाने येऊन बॅकअप घेऊन गेला होता.

मुलगी, त्रिशला, नवी मुंबईत विजेच्या जाळ्याच्या नियंत्रण केंद्रात नोकरीला होती. आईसाठी रजा टाकून आली होती. तिच्यादेखत त्याने बॅकअपची डिस्क लॅपटॉपला लावली.

सगळं जागच्या जागी होतं. रंगीत पट्ट्या एकाखाली एक. राजमती_टेक. राजमती_टेक_फायनल. राजमती_टेक_फायनल_हेच_घ्या. श्रेणिक नावं अशीच द्यायचा. त्याने एक पट्टी चालू केली. काटा पट्टीवरून शेवटपर्यंत गेला.

काहीही ऐकू आलं नाही.

दुसरी. तिसरी. दहा वर्षांमागची. वीस वर्षांमागची. काटा चालायचा आणि खाली एकच ओळ यायची, की आवाजाची फाइल सापडत नाही.

त्रिशलाने माउस त्याच्या हातातून काढून घेतला. इकडे तिकडे उघडून पाहिलं. मग खुर्ची मागे ढकलली. "पप्पा," ती म्हणाली, "हा नुसता

आवाज_नवीन_दुरुस्त_फायनल

नकाशा आहे. जमीन कुठाय?"

रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरात एक गाणं दोन जागी राहतं. एक प्रोजेक्टची फाइल असते. तिच्यात कोणता आवाज कुठून कुठपर्यंत वाजवायचा, किती मोठा ठेवायचा, हे सगळं असतं, पण आवाज नसतो. आवाज वेगळ्या फोल्डरात, भल्यामोठ्या फाइलींत असतो. श्रेणिक दर अमावास्येला प्रोजेक्टची फाइल उतरवत होता. ती उघडली की गाणं वाजायचं, कारण मूळ डिस्क शेजारीच जोडलेली असायची. त्यामुळे तपासूनही चूक कधी दिसली नव्हती.

"म्हणजे इतकी वर्षं मी," श्रेणिक म्हणाला आणि थांबला.

 राजमती उठली आणि तिने कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली, कारण टिकटिक अजून चालू होती आणि प्रत्येक टिकेसरशी काहीतरी खरवडलं जात होतं.

तिचं बोलणं त्या डिस्कवर कसं आलं, हे सांगायला हवं. टेकच्या आधी श्रेणिक हात वर करून "शांत" म्हणायचा. मग सगळ्यांनी अर्धा-एक मिनिट गप्प बसायचं. ती शांतताही रेकॉर्ड व्हायची, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि गाणं जोडताना तिची ठिगळं लागतात. राजमतीला हे कधी जमलं नाही. शांतता सुरू झाली की तिला काहीतरी आठवायचंच. ती शांतता बाद व्हायची, दुसरी घ्यावी लागायची, त्या दुसरीतही ती बोलायची. श्रेणिक वैतागायचा, पण बाद झालेलं पुसायची त्याला सवय नव्हती. डॉ. तांबोळींना हवं होतं ते बोलणं या बिघडलेल्या शांततांत होतं.

फायनल_२

डिस्क पुण्याला एका प्रयोगशाळेत गेली. तिथली मुलगी स्क्रीनवर आली. नीट समजावून सांगणारी होती.

"काका, हिच्यात एका फेरीचा जीव आहे. दोन प्रकारे वाचता येईल. एक, भरून. सुई सगळ्या रांगांवरून जाणार नाही, अधूनमधून उतरेल आणि मधलं आमचं यंत्र भरेल. त्याने लाखो बायकांचे आवाज ऐकलेत, कुठे काय असायला हवं ते त्याला कळतं. घरघर, खटखट सगळी जाईल. डिस्क शंभर टक्के टिकेल."

"आणि दुसरा?"

"जसंच्या तसं. प्रत्येक रांगेवरून जावं लागेल. अर्ध्यात मेली तर मेली. आणि मिळेल तो चुरा. नाव नाही, तारीख नाही, दोन-चार सेकंदांचे तुकडे. लाखांनी."

तिने राजमतीच्या जुन्या जाहिरातीवरून एक नमुना भरून आणला होता. तो लावला. 'मी राजमती बोलतेय. कशी आहेस, त्रिशला?' आवाज रेशमासारखा होता.

श्रेणिकने चष्मा काढून पुसला. "हेच करा," तो म्हणाला.

वाटीवर दोन टोले पडले.

"अगं, तुझाच आहे की आवाज."

दोन टोले.

"अर्ध्यात मेली तर काहीच उरणार नाही. मला जन्मभर वाटीशी बोलायला लावतीस काय?"

राजमतीने इतक्या महिन्यांनी फोन उचलला आणि टाइप केलं. बातम्यांची बाई अगदी स्पष्ट उच्चारांत म्हणाली, "हा आवाज म्हणजे मीच, बातम्यांची बाई. फक्त मला राजमतीची साडी नेसवली आहे."

पुण्याच्या मुलीला हसू आलं, ते तिने दाबलं.

"पण आई, चुरा घेऊन करणार काय?" त्रिशला म्हणाली. "तुकड्यांवर तारीख नाही. आणि तारखेशिवाय पट्टी होत नाही."

 पुण्याच्या मुलीने उद्या सकाळपर्यंत सांगा म्हटलं.

फायनल_हेच_घ्या

वायर काढायच्या आधी श्रेणिकच्या हाती एकच फाइल लागली होती, एक बाद झालेली शांतता. त्रिशला ती हेडफोनवर पुन्हा पुन्हा ऐकत होती. मागांची खटखट, आई पुटपुटतेय, आणि सगळ्याच्या तळाशी एक जाडसर घरघर.

"ही घरघर कसली?"

श्रेणिकचा चेहरा पडला. "अर्थिंगची. सगळं करून बघितलं. तांब्याची पाटी पुरली, खड्ड्यात मीठ-कोळसा घातला, उन्हाळ्यात रोज दोन घागरी पाणी ओतलं. ही घरघर काय जाईना. सांगलीची गिऱ्हाइकं तुटली हिच्यापायी. फिल्टर लावून द्यायचो, पण मुळात ती आहेच."

"पप्पा, ही माझ्या ऑफिसातली आहे."

"काय बोलतीस?"

त्रिशलाने हेडफोन काढून ठेवला. तिचा आवाज हळू झाला होता.

वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि कच्च्या अर्थिंगमधून तो हेलकावा घरघर होऊन रेकॉर्डिंगमध्ये शिरतो. पण पन्नास म्हणजे नेमके पन्नास कधीच नसतात. भार वाढला की देशातली जनित्रं किंचित मंदावतात, भार उतरला की किंचित धावतात. पन्नासच्या जरा खाली, जरा वर, पुन्हा खाली. आणि ही सगळी जनित्रं एका जाळ्यात जोडलेली असल्यामुळे एकाच तालात फिरतात. आधी अर्धा देश असा जोडलेला होता, दक्षिण आल्यावर सगळा. पंजाबात पंप सुरू झाले की इचलकरंजीतली घरघर केसभर उतरते. सामना संपून लाखो टीव्ही एकदम बंद झाले की केसभर चढते. हा चढउतार पुन्हा तसाच कधी होत नाही. प्रत्येक क्षणाचा वेगळा, आणि त्या क्षणी सगळीकडे सारखा. नियंत्रण केंद्राने तो पहिल्यापासून नोंदवून ठेवलेला आहे.

"पूर्वी तो जुळवायला दहा मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग लागायचं," त्रिशला म्हणाली. "आता एक श्वास पुरतो."

तिने फाइल आपल्या ऑफिसकडे पाठवली. चहा होईपर्यंत उत्तर आलं. सप्टेंबर २०१३, मंगळवार, दुपारी सव्वाचारच्या सुमारास.

श्रेणिक हसला. "असं कसं सांगता येईल? काहीही."

त्रिशलाने फाइल स्पीकरवर लावली आणि आवाज वाढवला. खटखट. घरघर. राजमती कुजबुजत होती, "दूध उतू जाईल हो." मग दार आपटलं. दप्तर पडल्याचा आवाज. आणि लांबून, शाळेतून नुकतीच आलेली एक लहान पोर: "आई, भूक."

त्रिशलाने हात तोंडावर ठेवला.

 खाली घरघर चालली होती. श्रेणिकने आयुष्यभर जिच्यावर मीठ आणि कोळसा ओतला ती घरघर. त्या मंगळवारी देशात कुठे दिवे लागले, कुठे गिरण्या थांबल्या, ते सगळं त्या दुधाच्या वाक्याखाली जसंच्या तसं होतं. तो सरळ बसला. देवळात बसावं तसा.

"भरून घेतलं असतं तर ही गेली असती?" त्याने विचारलं.

"पहिली हीच."

त्याने राजमतीकडे पाहिलं. वाटीवर एक टोला पडला.

फायनल_खरंच

डिस्क अर्ध्यात मेली नाही. पाऊण वाटेवर मेली.

आलेला चुरा त्रिशलाने केंद्राच्या नोंदींना जोडला आणि स्क्रीनवर वर्षांची एक लांब आडवी रेघ काढली. सुरुवातीला काहीच नव्हतं. मग एक ठिपका २०१४ मध्ये जाऊन बसला. एक २००७ मध्ये. मग दहा. मग मोजता येईनात. ताणा भरताना रिकाम्या चौकटीवर बघता बघता धागे दाटतात, तशी ती रेघ दाट होत गेली. प्रत्येक तुकडा आपल्या तळाची घरघर घेऊन येत होता आणि कुणी न सांगता आपल्या क्षणापाशी थांबत होता.

श्रेणिक स्क्रीनच्या अगदी जवळ उभा होता. "बघ जा," तो म्हणत होता. "बघ जा."

मग त्यांनी रेघ पहिल्यापासून ऐकायला घेतली.

२००६. *अहो, पंखा.*

२००६. *मी काही बोलले नाही. श्वास घेतला फक्त.*

२००८. *त्या पेटीवाल्याला चहा विचारा, नुसता बघत बसलाय.*

२०११. *पाणी तापलंय. नाही, तुम्ही करा रेकॉर्ड. मी गप्प आहे. तापलंय म्हणून सांगितलं.*

२०१५. *डावीकडचा माइक हलतोय. हलतोय हो. मला दिसतंय.*

२०१९. *अहो, पंखा.*

२०२४. *त्रिशलाचा फोन आला नाही आज.*

२०३०. *आता खालचा सा लागत नाही पूर्वीसारखा. तुम्हाला कळलं नाही ना? मग राहू दे.*

२०३६. *अहो, पंखा.*

प्रत्येक वाक्यागणिक आवाज जरासा खाली यायचा. कड बोथट व्हायची, शेवटी थोडी हवा सुटायची. एक बाई तिघांच्या डोळ्यांदेखत तिशीतून साठीकडे चालत आली, आणि तेवढ्यात तिने फक्त पंखा, पाणी आणि चहा यांबद्दल बोलून घेतलं. राजमती मांडीवर वाटी घेऊन ऐकत होती. चमचा खाली पडला तो तिने उचलला नाही.

नाव_नाही

शेवटी एक ढीग उरला. हजारो तुकडे रेघेवर कुठेच बसले नाहीत.

त्रिशलाने त्यांतला एक लावला. राजमती गात होती. दुसरा लावला, गात होती. तळाशी घरघर नव्हती, मागांची खटखटही नव्हती. नुसता आवाज.

"यांत वीजच नाही," त्रिशला म्हणाली. "असं कसं होईल?"

श्रेणिकला लगेच कळलं. तो खुर्चीत बसला.

इतर गावांत वीज गेली की रेकॉर्डिंग थांबायचं. इचलकरंजीत सुरू व्हायचं. वीज असेपर्यंत चहूकडे माग धडधडत असायचे, भिंतीला गाद्या लावूनही ते ऐकू यायचे. भारनियमनाची वेळ झाली की सगळ्या गावाचे माग एकदम थांबायचे आणि अशी शांतता पडायची की कानाला दडे बसल्यासारखं वाटायचं. मग श्रेणिक ओरडायचा, "लाइट गेली, या लवकर," आणि बॅटरीवर रेकॉर्डिंग व्हायचं. पुढे भारनियमन संपलं तरी त्याची सवय गेली नाही. चांगलं गाणं घ्यायचं तर तो खालचा मेन स्विच पाडायचा. लाइट असताना जाहिराती आणि तालमी व्हायच्या, राजमतीचं बोलणं त्यांच्याआधीचं; अंधारात बॅटरी संपेल म्हणून शांतता घ्यायला वेळच नसायचा. बॅटरीच्या इन्व्हर्टरला स्वतःची बारीक शीळ होती, पण तिला देशातलं काही माहीत नव्हतं. कायम एकसारखी.

म्हणजे घरघर होती ती बोलण्यात. चांगली गाणी सगळी अंधारातली होती, आणि त्यांची वेळ कुणीच नोंदवलेली नव्हती.

"हे लावता यायचं नाही," त्रिशला म्हणाली. "कुठला तुकडा कुठल्या गाण्याचा, आधीचा कोणता, नंतरचा कोणता. यंत्र अंदाज करेल, पण तो अंदाजच."

श्रेणिक खुर्चीसकट स्क्रीनकडे सरकला. "पट्टीला गाता येईल काय गं?" त्याने विचारलं.

"नाही, पप्पा. बोलता येईल."

राजमतीने वाकून चमचा उचलला आणि वाटीवर एक टोला दिला. चालेल.

आवाज_नवीन

दिवाळीच्या आधी डॉ. तांबोळींनी पट्टी बसवली. मिरजेत त्यांनी तिच्याकडून फक्त अ, आ, आणि आकडे म्हणवून घेतले. ते सपाट आले. "बोलणं घरी होईल," त्या म्हणाल्या. "इथे कुणीच बोलत नाही नीट."

घरी श्रेणिकने नवा कॉम्प्युटर लावला होता. बॅकअप तीन ठिकाणी होता. नारळही फोडलेला होता. अर्थिंगच्या खड्ड्यात त्याने या वेळी काही ओतलं नव्हतं.

राजमती नेहमीच्या स्टुलावर बसली. गळ्याभोवती करड्या रंगाची पट्टी, बोटभर रुंद. पदर तिने त्यावरून घेतला, मग काढला. त्रिशला दाराशी उभी होती. कुणी काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं, म्हणून श्रेणिकने त्याला येत होतं तेच केलं. रेकॉर्डिंग चालू केलं आणि हात वर केला.

"शांत," तो म्हणाला.

खोली शांत झाली. गल्लीतले माग केव्हाच बंद पडले होते. राजमती समोर बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते. गळ्याच्या बाजूची एक शीर हलली, थांबली, पुन्हा हलली.

"अहो, पंखा."

साठीतला आवाज. कड थोडी बोथट, शेवटी हवा सुटलेली. थोडा वैतागलेला. कानामागून आल्यासारखा, आणि याआधी कधीही रेकॉर्ड न झालेला.

श्रेणिकचा हात वरच राहिला.

"शांतता बिघडली," राजमती म्हणाली. "परत घ्या आता."

त्याने मान हलवली, नको म्हणून.

"मग असे उभे का? तो चुरा उघडा. सगळी गाणी माझी आहेत, कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, मी सांगते. पहिला लावा."

श्रेणिकने ढीग उघडला आणि वरचाच तुकडा लावला. तीस वर्षांची राजमती अंधारात एका ओळीच्या मध्यावर गात होती. सेकंदभराने ओळ तुटली.

"हा पाळण्यातला," स्टुलावरची राजमती लगेच म्हणाली. "दुसऱ्या कडव्यातला. इथे मी श्वास चोरला होता, तुम्हाला कळलं नव्हतं. याच्या आधीचा शोधा. त्यात त्रिशला पोटात लाथ मारते, मी जरा अडखळते बघा."

त्रिशला दारातून आत येऊन खाली सतरंजीवर बसली.

श्रेणिक शोधायला लागला. पंखा बंद करायचा राहिला तो राहिलाच.